गोठ्याचं पाणी शेततळ्यात सोडू नका



जून 2020 मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं होतं, आठवतं ना? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तर खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांचं फावलं. शेततळ्यातही पाणी बदललं की आतले जीव बदलतात, फक्त आपल्याला दिसत नाही.

गाभण गाई-म्हशीच्या शेण-मुतात इस्ट्रोजेन हे हार्मोन असतं. इंजेक्शन दिलेलं नसलं तरी असतंच. काही जिवाणू ते मोडून टाकतात, पण त्यासाठी हवा लागते. कच्चं शेण तळ्यात गेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि हे काम मंदावतं. म्हणजे हार्मोन वाढतं आणि मोडणारे थकतात, दुहेरी नुकसान.

मासे सोडलेल्यांनी जास्त जपा. कॅनडात एका तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन 3 वर्षं अगदी सूक्ष्म प्रमाणात सोडून पाहिलं. नर माशांच्या अंगात अंड्याचं प्रथिन तयार झालं आणि एक लहान मासा जवळपास संपला. गोळीतलं हार्मोन शेणातल्यापेक्षा कडक असतं, हेही खरं.

मृगाच्या आधी उकिरडा नाल्याच्या किंवा तळ्याच्या वरच्या अंगाला असेल तर हलवा. ढीग महिन्यातून एकदा वरखाली करा, हवा खेळली की हार्मोन बरंच मोडतं. माशांसाठी शेण टाकत असाल तर चांगलं कुजलेलंच, तेही थोडं. पाण्याला वास येत असेल तर तेही बंद ठेवा.