घरातला फोटो: फ्लॅश तोंडावर नको, चादरीवर मारा



मागच्या दोन अंकांत आपण गटाचं रजिस्टर आणि कर्जाचे हप्ते यांबद्दल बोललो. आज विषय जरा वेगळा आहे, पण कामाचा आहे.

गेल्या पावसाळ्यात एका वाडीत गटाच्या बैठकीला गेले होते. पापडाच्या पाकिटासाठी फोटो हवे होते, म्हणून संघाचा कॅमेरा सोबत होता. बैठक संपल्यावर गटातल्या सगळ्यात मोठ्या आजींनी माझा हात धरला आणि मला घरात नेलं. म्हणाल्या, "पोरी, माझा एकटीचा एक बी फोटो न्हाई. हाय तो आधार कार्डावरचा. उद्या मी गेले की पोरं तोच मोठा करून भिंतीला लावतील. एक चांगला काढून दे."

आजी पेटीतलं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसल्या. बाहेर पाऊस, घरात अंधार. मी फ्लॅश लावला आणि काढला फोटो. कपाळ पांढरंफेक, नाक चकचकीत, मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली. आजींनी बघितलं आणि हसल्या, "ही कोण गं? भुतागत दिसतीय." हसल्या खऱ्या, पण फोटो मागितला नाही. ते मला फार लागलं.

मी समाजकार्याची पदवी घेतली, पण फ्लॅश कुणी शिकवला नव्हता. नंतर तालुक्याला लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका दादांना विचारलं, स्वतः चुकत चुकत शिकले. तेच इथे देते.

चूक कुठे होते?

दुपारच्या कडक उन्हात सावली कशी धारदार पडते? आणि ढगाळ दिवशी सावली जवळजवळ दिसतच नाही. सूर्य तोच, पण ढगांमुळे उजेड सगळ्या आभाळातून येतो, म्हणून तो मऊ होतो. फ्लॅशची काच काड्यापेटीपेक्षा थोडीशीच मोठी असते. एवढ्याशा जागेतून एवढा जोरदार उजेड समोरून आला की चेहऱ्याचा उंचसखलपणा जातो, कपाळावरचा घाम-तेल चमकतं आणि मागे सावली पडते. म्हणजे फ्लॅश वाईट नाही, त्याला ढग हवा.

ढग कुठून आणायचा?

शहरात पांढरं छत असतं. फ्लॅशचं डोकं वर वळवलं की उजेड छतावर आपटून सगळीकडे पसरतो. आपल्याकडे वर पत्रा, कौलं नाहीतर धूर बसलेली लाकडं. त्यावरून उजेड नीट परत येत नाही. भिंतीवर आपटवावा, तर भिंती निळ्या नाहीतर हिरव्या. भिंतीचा रंग चेहऱ्यावर उतरतो आणि चांगली धडधाकट बाई आजारी दिसते.

म्हणून पांढरी स्वच्छ चादर घ्या. धुतलेलं पांढरं धोतर किंवा थर्माकोलचा मोठा तक्ताही चालतो. फोटो काढायच्या बाईच्या एका बाजूला, थोडी पुढे, तीन-चार फुटांवर दोघींनी चादर ताणून धरा. चादरीचा वरचा काठ तिच्या डोक्याच्या वर हवा. आता फ्लॅशचं डोकं चादरीकडे वळवा. थेट उजेड तोंडावर जाता कामा नये. चादर जवळ असू द्या, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड पावच उरतो.

कॅमेऱ्यावर काय लावायचं?

१. वरची चकती एम वर ठेवा. शटर १/१२५, अ‍ॅपर्चर ५.६, आयएसओ ८००. फ्लॅश टीटीएल वर ठेवा, म्हणजे किती उजेड सोडायचा ते तो स्वतः ठरवतो.

२. खोली मागे फारच काळी येत असेल तर शटर १/६० करा, घरातला उजेड जास्त येईल. पण मग हात हलू द्यायचा नाही. कोपरं पोटाला लावा, श्वास रोखा, हळूच बटण दाबा.

३. लेन्स ५० च्या आसपास ठेवा आणि पाच-सहा फूट मागे उभ्या राहा. अगदी जवळ जाऊन काढलं की नाक मोठं दिसतं.

४. फोकसचा चौकोन आपल्याकडच्या डोळ्यावर ठेवा. डोळा स्पष्ट तर फोटो स्पष्ट. अंधारात फोकस लागत नसेल तर दार उघडा, नाहीतर कुणाला तरी मोबाईलची बॅटरी दाखवायला सांगा.

५. चेहरा जास्तच उजळ आला तर फ्लॅशचा जोर एक पायरी कमी करा. कुणालाही गोरं करायचं नाही. जशी आहे तशीच दिसली पाहिजे.

बसवताना

भिंतीपासून चार फूट पुढे बसवा, सावली भिंतीवर जाणार नाही. कपाळ, नाक कोरड्या फडक्याने टिपायला सांगा. पदर डोक्यावर असेल तर जरासा मागे घ्यायला सांगा, नाहीतर डोळे सावलीत जातात. चष्म्यात चादर चमकत असेल तर हनुवटी थोडी खाली.

"हसा, हसा" म्हणू नका, तोंड ताठ होतं. नातवंडांचं, पेरणीचं विचारा. फ्लॅशने डोळे मिटतात, म्हणून एकीचे पाच-सहा फोटो काढा.

फक्त मोबाईल असेल तर

मोबाईलचा फ्लॅश बंदच ठेवा. खिडकीजवळ किंवा दाराच्या आत बसवा, चेहरा उजेडाकडे. रात्र असेल तर दुसऱ्या मोबाईलची बॅटरी चादरीवर मारा. उजेड कमी पडतो, म्हणून मोबाईल डब्यावर टेकवून काढा.

दिवाळी झाल्यावर मी पुन्हा त्या आजींकडे गेले. दोन्ही सुनांनी चादर धरली, आजी बियाण्याचं बोलत होत्या आणि मी बटण दाबलं. आजींनी फोटो निरखून बघितला. सुरकुत्या होत्या, गोंदण होतं, लुगड्याचे काठ दिसत होते. म्हणाल्या, "दोन काढ. एक लेकीकडं धाडते."

पुढच्या बैठकीत करून पाहा

गटात एकीचे दोन फोटो काढा, एक थेट फ्लॅशने आणि एक चादरीवरून. दोन्ही शेजारी ठेवून सगळ्यांनी बघा. मग गटातल्या वयाने मोठ्या बायकांची यादी करा आणि त्यांचे फोटो आधी काढा. हात बसला की डोहाळजेवण, बारसं अशा कार्यक्रमांचे फोटो काढून दोन पैसेही मिळतील. मात्र तिला विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो ग्रुपवर टाकायचा नाही.

कॅमेरा संघाच्या कार्यालयात आहे. नोंदवहीत नाव लिहून न्या, आणि आणून देताना बॅटरी चार्ज करून द्या!

आपली,
क्षेत्र समन्वयक