सशाला कुरवाळताना ओळखावयाच्या खुणा

ससा हा अबोल प्राणी आहे. गाय हंबरते, शेळी ओरडते; ससा मात्र त्रास होत असतानाही बहुधा गप्पच राहतो. त्यामुळे अंगावरून हात फिरवताना ससा स्तब्ध बसला म्हणजे तो खूष आहे, असा समज होतो. पुष्कळ वेळा हा समज चुकीचा असतो. मुलांच्या हौसेखातर एक-दोन ससे पाळणारे असोत किंवा न्यूझीलंड व्हाईट, सोव्हिएत चिंचिला यांसारख्या जातींची पैदास करणारे पशुपालक असोत, सशाचे ‘हवे’ आणि ‘नको’ ओळखता येणे दोघांनाही आवश्यक आहे. भ्यालेला ससा चारा सोडतो. चारा सुटला की आतड्यांची हालचाल मंदावते आणि वेळीच उपचार न झाल्यास ससा दगावू शकतो.

स्वभावाचे मूळ

आपण पाळतो तो ससा युरोपातील बिळात राहणाऱ्या सशापासून आलेला आहे. आपल्या शिवारातील रानससा वेगळा. त्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्याने तो पकडू नये.

ससा हे अनेक शिकारी प्राण्यांचे भक्ष्य आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. मात्र नाकासमोरचे आणि हनुवटीखालचे दिसत नाही. वरून एकदम आलेला हात त्याला घारीसारखा वाटतो, तर नाकासमोर आणलेला हात दिसतच नाही. म्हणून सशाजवळ खाली बसावे, हलक्या आवाजात बोलावे आणि बाजूने हात नेऊन प्रथम त्याला वास घेऊ द्यावा.

हात कोठे फिरवावा?

ससे एकमेकांना चाटतात ते प्रामुख्याने कपाळ, डोळ्यांभोवतीचा भाग, गाल आणि कानांच्या मुळाशी. हाताचा स्पर्शही तेथेच रुचतो. हात केसांच्या दिशेने सावकाश फिरवावा. हनुवटी, पोट, पाय आणि शेपटी यांना स्पर्श केलेला बहुतेक सशांना आवडत नाही. वयात आलेली मादी पाठीवर हात ठेवताच मागचा भाग उचलते. हे समाधानाचे नसून माजाचे लक्षण आहे.

आवडल्याच्या खुणा

१) डोके जमिनीलगत टेकवणे, डोळे अर्धवट मिटणे.
२) अंग सैल सोडून पसरणे.
३) दातांचा अगदी बारीक कटकट आवाज करणे.
४) हात थांबताच नाकाने ढुशी देणे.

नावडल्याच्या खुणा

१) कान पाठीला घट्ट चिकटवणे, अंग ताठ करणे.
२) डोळे वटारणे, पांढरा भाग दिसणे.
३) श्वास जलद होणे, मागचा पाय आपटणे.
४) दात मोठ्याने करकर खाणे. हे वेदनेचे लक्षण आहे.

शंका असल्यास सोपी परीक्षा करावी. दोन-चार वेळा हात फिरवून तो बाजूला घ्यावा. ससा डोके टेकवून तेथेच थांबला तर पुन्हा कुरवाळावे. निघून गेला तर मागे लागू नये.

सशाला उताणे धरल्यास तो निश्चल पडून राहतो. काही लोक यालाच ‘झोपवणे’ म्हणतात. प्रत्यक्षात ही शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावरची भीतीची अवस्था आहे. गंमत म्हणून असे कधीही करू नये.

उचलण्याची पद्धत

सशाच्या एकूण वजनात हाडांचा वाटा सुमारे ८ टक्केच असतो, पण मागच्या पायांचे स्नायू फार जोरकस असतात. अधांतरी धरलेल्या सशाने लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडून मागचे पाय लुळे पडू शकतात. म्हणून एक हात छातीखाली व दुसरा पुठ्ठ्याखाली देऊन ससा आपल्या अंगाशी धरावा. कान धरून कधीही उचलू नये. लहान मुलांना ससा उचलू न देता जमिनीवर बसूनच कुरवाळू द्यावा.

केसांची निगा

ससा उलटी करू शकत नाही. अंग चाटताना पोटात गेलेले केस लेंड्यांतूनच बाहेर पडावे लागतात. यासाठी वाळलेले गवत सदैव उपलब्ध ठेवावे. मऊ ब्रशने आठवड्यातून एकदा आणि केस झडण्याच्या काळात रोज विंचरावे. कातडी अतिशय पातळ असल्याने गुंता ओढू नये. बोटांनी मोकळा करावा. हे काम उन्हाळ्यात सकाळी लवकर करावे व पाच मिनिटांत आटोपावे. सशाला आंघोळ घालू नये. घाण लागलेला भाग ओल्या फडक्याने पुसावा.

विंचरताना कानातील खपल्या, खरूज, गाठी आणि वाढलेली नखे तपासावीत. खरजेवर पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच औषध द्यावे. कुत्र्यासाठी वापरले जाणारे फिप्रोनिल हे औषध सशाला घातक आहे. गजकर्ण सशापासून माणसाला होऊ शकतो, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

पिल्लांना सवय

मादी पिल्लांना साधारणपणे दिवसातून एकदाच, तेही काही मिनिटेच पाजते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात, पाजणीनंतर सुमारे अर्ध्या तासाच्या आत रोज थोडा वेळ हाताळलेली पिल्ले पुढे माणसाला कमी भितात, असे प्रयोगांत आढळले आहे. हाताळण्यापूर्वी हात स्वच्छ धुऊन घरट्यातील गवतावर चोळावेत. मादी बिथरत असेल तर तिला प्रथम बाजूला घ्यावे.

थोडक्यात, ससा गप्प आहे एवढ्यावर समाधान न मानता त्याचे कान, डोळे व अंगाची ठेवण पाहावी. हाताला सरावलेला ससा तपासणीस व औषधोपचारास सहज तयार होतो आणि आजार लवकर लक्षात येतो. पशुपालकांनी रोजच्या चाऱ्याबरोबर ही पाच मिनिटेही सशासाठी राखून ठेवावीत.