साहसोपचार सुरू करण्यापूर्वी

गेल्या दोन-तीन दशकांत बालरोगतज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागाचे स्वरूप बरेच पालटले आहे. जुलाब, गोवर यांची गर्दी ओसरली. त्यांच्या जागी वारंवार दुखणारे परंतु सर्व तपासण्यांत निर्दोष ठरणारे पोट, शाळेचे नाव काढताच होणारी उलटी, मोबाइलवाचून न सरणारी रात्र आणि तेराव्या-चौदाव्या वर्षीच आलेली उदासी घेऊन मुले येऊ लागली आहेत. अशा मुलांसाठी डोंगर, रान, दोर आणि गटजीवन यांचा पद्धतशीर उपयोग करणारी ‘साहसोपचार’ ही शाखा पाश्चात्त्य देशांत रुजली आहे. बेळगावसारख्या, सह्याद्रीच्या उंबरठ्यावर वसलेल्या गावातील तरुण डॉक्टरांना तिचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. राजहंसगड हाकेच्या अंतरावर, जांबोटी-कणकुंबीचे रान तासाभरावर आणि गिर्यारोहणाची आवड तर मराठी घरांत पूर्वापार चालत आलेली. तथापि ट्रेक नेता येणे आणि उपचार करता येणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. हा फरक नीट न ओळखल्यास त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

या विचाराचे मूळ शिक्षणात आहे. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाला नाझी राजवटीमुळे १९३३ साली मायदेश सोडावा लागला. पुढे १९४१ मध्ये, ऐन महायुद्धात, जहाज कंपनीचे चालक लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्याने त्याने वेल्समधील ॲबरडोव्ही येथे तरुणांसाठी एक शाळा काढली. जहाज बुडाल्यावर वयस्क खलाशी तग धरतात आणि तरुण मात्र धीर सोडतात, ही होल्ट यांची चिंता होती. हीच ‘आउटवर्ड बाउंड’ची सुरुवात. मनोविकार असलेल्या व वाट चुकलेल्या मुलांसाठी याच साधनांचा वापर त्यानंतर, मुख्यत्वे अमेरिकेत, १९६० च्या दशकापासून होऊ लागला.

पुरावा काय सांगतो? ऑस्ट्रेलियातील बोवेन आणि नील यांनी २०१३ साली १९७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. उपचारानंतर लगेच दिसलेला परिणाम ०.४७, म्हणजे मध्यम स्वरूपाचा होता; कोणताच उपचार न मिळालेल्या गटांत तो ०.०८ होता. आकडे उत्साहवर्धक खरे. परंतु चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले काटेकोर अभ्यास या क्षेत्रात थोडेच आहेत. त्यामुळे साहसोपचार हा समुपदेशनाला व औषधाला पूरक मानावा, पर्याय म्हणून तो विकू नये, असे माझे मत आहे.

याच शाखेची काळी बाजूही आपण जाणून घेतली पाहिजे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २००७ मध्ये खासगी सुधार-शिबिरांतील किशोरांच्या दहा मृत्यूंचा तपशील मांडला. त्यांतील काही मुले रणरणत्या उन्हात चालता चालता पाणी व मीठ कमी पडून दगावली. त्यांनी आधी तक्रार केली होती. सोबतच्या कर्मचाऱ्यांनी ते सोंग मानले. २०२४ साली नॉर्थ कॅरोलिनातील एका शिबिरात बारा वर्षांचा मुलगा दाखल झाल्यावर चोवीस तासांच्या आत मरण पावला. झोपण्यासाठी दिलेल्या बंदिस्त आवरणात तो गुदमरला होता. या शिबिरांत अनेक मुले स्वतःच्या इच्छेविरुद्ध, काही तर मध्यरात्री अंथरुणातून उचलून आणली जात. हे परदेशातले म्हणून सोडून देता येणार नाही. ‘डॉक्टर, याला चार दिवस डोंगरात न्या आणि सरळ करून आणा’, हे वाक्य आपल्याकडच्या पालकांच्याही तोंडी असते.

तेव्हा पहिला नियम असा की, पालकांची लेखी संमती कायद्याने आवश्यक आहेच, पण मुलाचा स्वतःचा होकार नसेल तर त्याला नेऊ नये. दुसरा नियम, चढणीवर ‘चक्कर येते’ म्हणणारे मूल खरे बोलत आहे असे धरूनच त्याला तपासावे. सोंग असले तरी पाच मिनिटे विश्रांती दिल्याने काय बिघडते?

मग यात उपचार नेमका कोठे असतो? समजा, शाळेची धास्ती घेतलेला चौदा वर्षांचा मुलगा आहे. निघण्यापूर्वी किमान दोन बैठकांत त्याची भीती, तिची पायरी आणि त्याचे स्वतःचे उद्दिष्ट ठरते. खडकावर तो कोठवर जाणार हे तोच ठरवतो. छाती धडधडू लागल्यावर लगेच खाली न उतरता, सुरक्षित दोरावर, तो काही क्षण तेथेच थांबतो आणि धडधड आपोआप ओसरते हे त्याला स्वतःच्या देहात कळते. वर्तनोपचारातील क्रमाक्रमाने सामोरे जाण्याची पद्धत ती हीच. सायंकाळी सहा-आठ मुलांच्या वर्तुळात त्यावर बोलणे होते आणि परतल्यावर मानसतज्ज्ञ तोच अनुभव शाळेच्या फाटकाशी जोडून देतो. हे जोडून देणे वगळले, तर उरते ती सहल. सहल चांगलीच असते, पण तिची फी उपचार म्हणून घेऊ नये.

एकट्या डॉक्टरने या वाटेला जाऊ नये. मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि दार्जिलिंग किंवा उत्तरकाशीच्या संस्थेतून प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला गिर्यारोहक एवढे मनुष्यबळ हवेच. मुली असल्यास स्त्री सहकारी हवी आणि कोणतेही मूल एकाच मोठ्या माणसाबरोबर एकटे राहणार नाही अशी व्यवस्था हवी. आत्महत्येचे विचार सक्रिय असणारी, भ्रम असणारी, फिट्स आटोक्यात नसलेली किंवा वजन धोकादायक उतरलेली मुले सध्या घेऊ नयेत. श्रम करताना पूर्वी कधी शुद्ध हरपली असेल, तर आधी ईसीजी व हृदयतपासणी करावी.

औषधांकडे मात्र बालरोगतज्ज्ञानेच लक्ष द्यावे. येथे इतर कोणी आपली जागा घेऊ शकत नाही. टोपिरामेटने मुलांचा घाम कमी होतो व ताप चढू शकतो. घाम रोखणाऱ्या इतर औषधांचे व मनोविकारावरील काही गोळ्यांचेही तसेच. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी कमी झाल्यास रक्तातील पातळी विषारी होते. मिथिलफेनिडेटने भूक मरते; उपाशी मूल चढणीवर गळते. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर त्याच रात्री झोपेतही उतरू शकते. आणि ‘डोंगरात आहे तोवर गोळ्या बंद’ हा पालकांचा लाडका प्रयोग स्पष्ट शब्दांत नाकारावा.

आपल्या रानाचे स्वतःचे धोके आहेत. मधमाश्यांच्या दंशाने येणाऱ्या तीव्र ॲलर्जीसाठी अॅड्रेनालिन पेटीच्या तळाशी न ठेवता प्रशिक्षकाच्या खिशात असावे: एकास हजार तीव्रतेचे, किलोमागे ०.०१ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरील स्नायूत. पश्चिम घाटातील उंचावलेल्या नाकाच्या चापड्यावर (हम्प-नोज्ड पिट व्हायपर) आपली बहुगुणी सर्पविषप्रतिबंधक लस उपयोगी पडत नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला माकडताप पुढे गोव्यातील सत्तरी व सिंधुदुर्गातील दोडामार्गापर्यंत पसरला. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका शिबिरांचाच. जाण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात माकडे मेल्याची चौकशी करावी, अंगभर कपडे घालावेत आणि रोज सायंकाळी गोचिडांसाठी अंग तपासावे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये; तेथे अस्वलेही आहेत. पावसाळ्यात धबधबे व ओले कडे वर्ज्यच समजावेत.

पहिले वर्षभर केवळ रविवारचे, एका दिवसाचे उपक्रम करावेत. मुक्कामाची घाई नको. शिखरावरील मुलांची छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरण्याचा मोहही टाळावा. ती आपली रुग्णे आहेत. निघण्यापूर्वी, परतल्यावर आणि तीन महिन्यांनी एकच वर्तन-प्रश्नावली पालक, शिक्षक व मूल यांच्याकडून भरून घ्यावी आणि त्याच वेळी शाळेतील हजेरीचा तक्ता मागवावा.