नेवाळीचा विमानतळ : जमीन उसनी की विकत?

आपल्या एअरपोर्ट इंजिनिअरिंगच्या पेपरात प्रत्येक गणित 'दिलेले आहे' या शब्दांनी सुरू होतं. समुद्रसपाटीपासूनची उंची दिलेली असते, तापमान दिलेलं असतं, उतार दिलेला असतो, आणि आपण धावपट्टीची लांबी काढायची. जागा तर कायमच दिलेली असते. ती आधी कोणाची होती आणि काय बोलून घेतली गेली, हे पेपरात कोणी विचारत नाही. पण आपल्याच ठाणे जिल्ह्यात एक जागा अशी आहे की तिथे हाच प्रश्न ऐंशी वर्षांहून जास्त काळ विचारला जातोय. म्हणून हा लेख.

मी राहते कोलशेतला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला टॉवर आणि मध्ये आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. गावाला लागूनच हवाई दलाचं केंद्र आहे. लष्करी जागेचं कुंपण कसं असतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. अशा जागांच्या आसपास बांधकामावर बंधनं घालता येतात, आणि त्यासाठीचा कायदा १९०३ सालचा, म्हणजे चक्क व्हाइसरॉयच्या काळातला आहे. तो अजून लागू आहे. त्यामुळे लष्करी जागेचा इतिहास वाचायला लागले तेव्हा कोलशेतहून शिळफाटा, काटई नाका आणि खोणी करत पुढे नेवाळीपर्यंत जावंच लागलं. कारण ही गोष्ट सगळ्यात ठळकपणे तिथे दिसते.

नेवाळीत विमानतळ का?

नेवाळी हे अंबरनाथ तालुक्यातलं गाव. कल्याणहून मलंगगडाकडे जाणारा रस्ता आणि काटई-बदलापूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे नेवाळी नाका आहे. पावसाळ्यात भात, समोर मलंगगड, असा हा मुलूख.

१९४२ साल उजाडलं आणि सगळं बदललं. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. ८ मार्चला रंगून पडलं. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला आणि आपल्याकडे विशाखापट्टणम व काकीनाडा इथेही बॉम्ब पडले. ब्रिटिश सरकारला एकदम जाणवलं की हिंदुस्थानात पुरेसे विमानतळच नाहीत. मग देशभर दोनशेहून जास्त विमानतळांचा कार्यक्रम हातात घेतला गेला. नेवाळी आणि आसपासच्या गावांची सोळाशे एकरांहून जास्त जमीन याच धामधुमीत सरकारकडे गेली.

जागा हीच का, याचं उत्तर इंजिनिअरिंगमध्ये आहे. विमानतळाला सपाट, मोकळी जमीन लागते. जवळ रेल्वे, रस्ता, पाणी लागतं. कल्याण जंक्शन जवळ होतं आणि कल्याणलाच सैन्याची मोठी छावणी होती. सपाट जमीन म्हटली तर कोकणात सपाट काय असतं? भाताचं खाचर! पिढ्यानपिढ्या बांध घालून, माती ओढून शेतकऱ्याने जी लेव्हल केलेली असते, तीच विमानाला हवी असते. म्हणजे विमानतळासाठी लेव्हलिंगचं अर्धं काम शेतकऱ्याच्या आज्या-पणज्याने आधीच करून ठेवलेलं असतं, आणि ते कुठल्याही एस्टिमेटमध्ये येत नाही.

पण दोघांची गरज मात्र नेमकी उलटी आहे. खाचरात पाणी थांबलं पाहिजे. त्यासाठी चिखलणी करतात, म्हणजे वरची माती कालवून खाली पाणी न झिरपणारा थर तयार होतो. धावपट्टीवरून पाणी ताबडतोब गेलं पाहिजे. त्यासाठी वरची माती काढायची, बांध मोडायचे, दगडाचं सोलिंग आणि मुरूम टाकायचा, रोलर फिरवायचा, बाजूने गटारं काढायची आणि ओढ्याची वाट वळवायची. एकदा हे केलं की ती पट्टी पुन्हा खाचर होणं फार कठीण. त्यामुळे 'युद्ध संपलं की जमीन परत' हे वाक्य कागदावर सोपं वाटलं तरी जमिनीच्या बाबतीत ते पूर्ण खरं होऊ शकत नाही. निदान धावपट्टीखाली तरी नाही.

एक छोटं गणित

आता प्रश्न असा की धावपट्टीखाली अशी किती जमीन जाते? युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाने मोठ्या विमानतळांसाठी एक प्रमाण ठरवलं होतं. एक मुख्य धावपट्टी २००० यार्ड लांब आणि ५० यार्ड रुंद, शिवाय १४०० यार्डांच्या आणखी दोन. (हे ब्रिटनमधलं प्रमाण आहे, नेवाळीचं माप नव्हे. फक्त अंदाज यावा म्हणून घेतलंय.) तिन्हींची लांबी मिळून ४८०० यार्ड. गुणिले ५०, म्हणजे २,४०,००० चौरस यार्ड. एका एकरात ४८४० चौरस यार्ड. भागाकार केला की उत्तर येतं साधारण ५० एकर.

सोळाशेमध्ये पन्नास, म्हणजे जेमतेम ३ टक्के! मग बाकीची जमीन कशाला? त्यालाही कारण आहे. युद्धात विमानं एका रांगेत उभी करत नाहीत, लांब लांब विखरून ठेवतात, म्हणजे एका बॉम्बमध्ये सगळी जात नाहीत. पेट्रोलचा साठा वेगळा, दारूगोळा त्याहून लांब, माणसं राहतात ती जागा आणखी लांब. विमान उतरताना समोर अडथळा नको म्हणून मोकळी जागा हवी. म्हणजे ही मोठी मागणी विनाकारण नव्हती. पण तिचं मोठं कारण युद्ध होतं, आणि ते १९४५ मध्ये संपलं. या मोकळ्या जमिनीवर आम्ही पुढेही भात लावत राहिलो, असं तिथले शेतकरी सांगतात.

दोन शब्दांतला फरक

आता येतो लेखाचा मुख्य मुद्दा. सरकारला खासगी जमीन हवी असेल तर कायद्यात दोन वेगळे रस्ते आहेत. एक अधिग्रहण. म्हणजे जमीन वापरायला घ्यायची, त्या काळाचा मोबदला द्यायचा, मालकी मूळ मालकाचीच, आणि काम संपलं की परत. दुसरा संपादन. म्हणजे एकदाच किंमत द्यायची आणि मालकी कायमची सरकारची. घरगुती भाषेत सांगायचं तर पहिलं उसनं घेणं आणि दुसरं विकत घेणं. (फक्त दोन्हीत देणाऱ्याला 'नको' म्हणायची सोय नसते!)

युद्धकाळात 'भारत संरक्षण कायदा, १९३९' लागू होता. त्याखालच्या नियमांत ७५-अ नावाचा नियम होता. गंमत म्हणजे या एकाच नियमात दोन्ही रस्ते होते. सरकारने आधी मालमत्ता अधिग्रहित करायची, आणि नंतर हवं असेल तर मालकावर नोटीस बजावून तीच संपादित करायची. म्हणजे उसन्याचं विकत व्हायला एक नोटीस पुरेशी होती. ज्या शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्याला आपली जमीन कोणत्या रस्त्याने गेली हे कसं कळणार? त्याच्या दृष्टीने दोन्ही वेळी झालं तेच. साहेब आला, खांब रोवले, शेत गेलं.

नेवाळीचा वाद नेमका इथे आहे. गावकऱ्यांचं म्हणणं असं की जमीन युद्धापुरती घेतली होती आणि ती परत मिळायला हवी होती. संरक्षण खात्याचं म्हणणं असं की जमीन रीतसर संपादित झालेली आहे आणि ती खात्याचीच आहे. दोघांचंही बोलणं आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतं. कारण गावाकडे आहे ती आजोबांनी सांगितलेली गोष्ट आणि खात्याकडे आहे तो कागद.

युद्धानंतर कायद्याने काय केलं तेही बघण्यासारखं आहे. १९४६ मध्ये युद्धकाळचा कायदा संपला, पण अधिग्रहित जमिनी सरकारकडे राहाव्यात म्हणून आधी अध्यादेश आणि मग १९४७ चा कायदा आला. त्यानंतर १९५२ चा कायदा आला. त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. शेवटी १९७० च्या आधीपासून अधिग्रहणाखाली असलेल्या मालमत्ता मार्च १९८७ पर्यंत एकतर सोडा किंवा संपादित करा, अशी वेळ आली. संपादनाचा नियम मात्र कडक आहे. ते पूर्ण झालं की जागा न वापरता पडून राहिली तरी जुन्या मालकाला ती परत मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलंय. म्हणजे सगळा खेळ त्या एका शब्दावर!

साहेबाच्या देशात काय झालं?

हाच प्रश्न खुद्द इंग्लंडमध्येही उभा राहिला होता. डॉर्सेट परगण्यात क्रिचेल डाउन नावाची ७२५ एकर जमीन आहे. १९३८ मध्ये हवाई खात्याने ती बॉम्बफेकीच्या सरावासाठी सक्तीने १२,००६ पौंडांना घेतली. म्हणजे तिथे तर सरळ विक्रीच झाली होती. तिचा एक मालक लॉर्ड अॅलिंग्टन १९४० मध्ये हवाई दलाच्या सेवेत असतानाच वारला. १९४१ मध्ये पंतप्रधान चर्चिलने पार्लमेंटमध्ये आश्वासन दिलं की गरज संपली की अशा जमिनी मूळ मालकांना परत देऊ. पण १९५० मध्ये ती जमीन परत न जाता शेतकी खात्याकडे गेली. अॅलिंग्टनची मुलगी आणि जावई यांनी प्रकरण लावून धरलं, चौकशी झाली, आणि जुलै १९५४ मध्ये शेतकी मंत्री टॉमस डगडेल यांनी राजीनामा दिला. जमीन कुटुंबाकडे परत गेली. शिवाय जास्तीची सरकारी जमीन आधी जुन्या मालकाला देऊ करावी, असे नियमच तिथे झाले. त्यांना आजही क्रिचेल डाउनचे नियम म्हणतात.

तेच सरकार, तेच युद्ध, तेच हवाई दल. फरक इतकाच की तिथे भांडणारे पार्लमेंटच्या ओळखीतले होते आणि इथे भांडणारे खाचरात भात लावत होते. आपल्याकडे न वापरलेली जमीन पाच वर्षांनी मूळ मालकाला किंवा सरकारच्या भूमी बँकेला परत जावी, ही तरतूद २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आली. १९४२ च्या शेतकऱ्यासाठी ती फारच उशिरा आली.

भिंत

स्वातंत्र्यानंतर नेवाळीची जागा संरक्षण खात्याकडे आणि पुढे नौदलाकडे राहिली. शेजारच्या कल्याणच्या छावणीचं मात्र वेगळंच झालं. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांना ठेवलं आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. आजही तिथले लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असंच म्हणतात. म्हणजे युद्धाची जागा लोकांच्या कामी येऊ शकते, हे नेवाळीकरांनी शेजारीच पाहिलं.

२०१७ मध्ये नौदलाने नेवाळीच्या जागेभोवती संरक्षक भिंत बांधायला घेतली. दिवस पेरणीचे होते. २२ जून २०१७ ला शेतकरी रस्त्यावर उतरले, नेवाळी नाक्याच्या परिसरात वाहतूक बंद पडली, पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या आणि पोलीस व गावकरी दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. गाड्या जाळणं चूकच, त्यात वाद नाही. पण नौदलाचीही बाजू आहे. कल्याण-डोंबिवली परिसरात मोकळी जागा दिसली की चाळी उभ्या राहायला वेळ लागत नाही, आणि संरक्षणाची जागा एकदा अतिक्रमणात गेली की परत मिळत नाही. भिंत नसती तर जमीन शेतकऱ्याला मिळाली असती असंही नाही, कदाचित तिसऱ्याच कोणाला मिळाली असती!

मला खटकतं ते वेगळंच. १९४२ पासून २०१७ पर्यंत पंचाहत्तर वर्षं होती. या काळात प्रत्येक सर्व्हे नंबरचा कागद काढून 'ही उसनी, ही विकत, हा मोबदला, ही सही' असं गावात बसून मराठीत वाचून दाखवता आलं असतं. ते झालं असतं तर भिंतीच्या दिवशी वाद दगडांचा झाला नसता, कागदांचा झाला असता.

आपल्यासाठी

माझ्यासारख्या इंग्लिश मीडियमवाल्यांना सातबारा म्हणजे फक्त बातम्यांतला शब्द वाटतो. तो खरं म्हणजे दोन नमुन्यांचा उतारा आहे. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि गाव नमुना बारा सांगतो तिच्यात पीक काय आहे. सातमध्ये एकाचं नाव आणि बाराच्या जागेवर दुसऱ्याच्या हातचं पीक असलं की समजावं, इथे एक जुनी गोष्ट मिटायची राहिली आहे. आणि नाव केव्हा, कशामुळे बदललं, ते फेरफार नोंदीत मिळतं.

दोन-तीन वर्षांत आपल्यापैकी कोणी रस्त्याच्या, कोणी मेट्रोच्या, कोणी विमानतळाच्या साइटवर असेल. थिओडोलाइट किंवा टोटल स्टेशन लावण्याआधी त्या जागेचा सातबारा आणि फेरफार एकदा वाचायला अर्धा तास पुरतो. त्याने जमीन कोणाला परत देणं आपल्या हातात येणार नाही, मान्य. पण बांधावर उभा राहून कोणी आजोबा 'ही आमची' म्हणाले तर त्यांना 'बाजूला व्हा' एवढंच न सांगता, नक्की काय झालं होतं ते सांगता येईल. नेवाळीत पंचाहत्तर वर्षं बहुतेक याच उत्तराची वाट पाहिली गेली.