ओळख वाढवावी कशी?

'नेटवर्किंग' म्हटलं की आपल्याला राउटर आणि स्विच आठवतात. पण माणसांचंही नेटवर्क असतं आणि ते कुठल्याच सेमिस्टरच्या सिलॅबसमध्ये नाही! (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या.)

गेल्या वर्षी माजी विद्यार्थी मेळाव्याला मी बायोडाटाच्या १० प्रती घेऊन गेले आणि दोन तास आपल्याच ग्रुपबरोबर समोशाच्या टेबलाजवळ उभी राहिले. शेवटी रिसोडकडचे एक सीनियर स्वतःहून बोलले. ते पुण्याजवळ एका कारखान्यात मेंटेनन्स बघतात. म्हणाले, "सोमवारपर्यंत मेल कर, समर इंटर्नशिपचं बघतो." मी बायोडाटा 'अजून चांगला' करत बसले आणि मेल टाकला १२ दिवसांनी. तोवर जागा भरली होती. चूक सर्वस्वी माझी. त्यातून जे शिकले ते इथे मांडते.

आधी एक गंमत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक शोधनिबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटायचात? नेहमी भेटणारे निघाले फक्त १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के! पाहणी छोटीच होती, पण कारण पटण्यासारखं आहे. रूममेटला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती दुरून. म्हणजे आपल्याच घोळक्यात उभं राहणं हे मेळाव्याला न जाण्यासारखंच.

१) जाण्याआधी : कोण येणार आहे ते विचारून घ्या. अर्ध्या मिनिटात स्वतःची ओळख सांगता आली पाहिजे. 'मी वाशिमची, थर्ड इयर मेकॅनिकल. सोयाबीन मळताना दाणा कमी फुटावा यावर प्रोजेक्ट करतेय.' एवढं पुरे.

२) तिथे गेल्यावर : आधी विचारा, मग सांगा. 'तुमच्या कामात सगळ्यात कटकटीचं काय असतं?' असं विचारलं की माणूस खुलतो. पण ताकाला जाऊन भांडं लपवू नका. इंटर्नशिप हवी असेल तर सरळ सांगा. २० कार्डं गोळा करण्यापेक्षा तिघांशी नीट बोललेलं बरं.

३) परत आल्यावर : काय बोलणं झालं ते त्याच रात्री लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी चार ओळींचा मेल करा. कबूल केलेलं काम कबूल केलेल्या दिवशीच करा.

४) नंतर : कामापुरता मामा नको. आपणही कुणाच्या उपयोगी पडा. इंजिनिअर माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी 'सॅटर्डे क्लब' सुरू केला, तो याच विचारावर. तिथले सभासद एकमेकांना कामं सुचवतात.

आपला वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. इथे मोठे कारखाने फारसे नाहीत, म्हणून बाहेर गेलेली आपली माणसं हाच आपला आधार. आणि हे काही विलायती शास्त्र नाही. माझ्या बाबांचं मंगरूळपीरला कृषी सेवा केंद्र आहे. नेटवर्किंग हा शब्द त्यांना ठाऊक नाही. पण गिऱ्हाईक आलं की बियाण्याआधी विचारतात, "काय म्हन्ते सोयाबीन, भाऊ? पोरीचं जमलं का?" पिशवी नंतर विकली जाते.

परवा मी त्या सीनियरना पुन्हा मेल केला. काही मागितलं नाही, उशिराबद्दल माफी मागितली आणि प्रोजेक्टचं रीडिंग कळवलं. संध्याकाळी उत्तर आलं, "ड्रमचा आरपीएम किती ठेवला होता?" इंटर्नशिपचं माहीत नाही, पण बोलणं पुन्हा सुरू झालं.

तेव्हा दोस्तहो, यंदाच्या मेळाव्याला समोसा जरूर खा. फक्त प्लेट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे जा!