परगावातील मोकळा वेळ

एकट्याने परगावी गेलेल्या माणसाच्या वाट्याला दोन प्रकारचा वेळ येतो. ज्या कामासाठी तो गेलेला असतो त्या कामाचा वेळ दुसऱ्यांनी आखून दिलेला असतो. त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नसते. उरलेला वेळ मात्र कोणीच आखलेला नसतो. तेथे ओळखीचे कोणी नाही, भेटीगाठी नाहीत, घरातील लहानसहान कामे नाहीत. मराठीत या उरलेल्या वेळाला ‘रिकामा’ म्हणतात आणि ‘मोकळा’ही म्हणतात. पहिल्या शब्दात दोषारोप आहे. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो. दुसऱ्या शब्दात सुटका आहे. एकच दुपार या दोहोंपैकी काय ठरेल, हे प्रवाशावर जितके अवलंबून असते तितकेच त्याच्या परिस्थितीवरही असते.

बेंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा हे या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य ठिकाण होय. २००७ पर्यंत येथे स्वतंत्र नगरपालिका होती. त्या वर्षी हा भाग महानगरात समाविष्ट झाला. तळी आणि शेते यांच्या या प्रदेशात आज संगणक व्यवसायाची कार्यालये दाटीने उभी आहेत आणि पुण्या-नाशिकाकडील माणसे आठवड्या-पंधरवड्याच्या कामासाठी तेथे एकटीच येऊन राहतात. शुक्रवारची संध्याकाळ झाली की सहकारी आपापल्या घरी जातात. पाहुण्याजवळ एक खोली आणि दोन दिवस उरतात.

याच शहरात एका तरुण परदेशी पाहुण्याने असा वेळ कसा घालवला याची हकीगत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. विन्स्टन चर्चिल ऑक्टोबर १८९६ मध्ये आपल्या घोडदळाच्या पलटणीबरोबर मुंबईस आला. ससून गोदीच्या पायऱ्यांवर उतरताना त्याने भिंतीतील लोखंडी कडे धरले, तोच लाटेबरोबर होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा दुखावला. ते दुखणे त्याला जन्मभर पुरले. पुण्याजवळच्या छावणीतून तो बेंगळुरूस पोहोचला, तेव्हा त्याला बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

छावणीतील दिनक्रम पहाटेच्या कवायतीने सुरू होई. दुपारच्या आतच लष्करी कामे आटोपत आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पोलोचा खेळ सुरू होई. मधले तास उन्हाचे, बंगल्यात काढावयाचे. बरोबरीचे अधिकारी ते झोपेत किंवा पत्त्यांत घालवीत. चर्चिलने गुलाब लावले, फुलपाखरे जमविली. तो संग्रह एका उंदराने फस्त केला. परंतु त्याला खरी बोचणी होती ती वेगळीच. तो लष्करी विद्यालयातून थेट पलटणीत आला होता, विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते आणि आपल्या अज्ञानाची जाणीव त्याला येथे प्रथम झाली. आईकडून त्याने ग्रंथ मागविले. गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास, मेकॉले, प्लेटो, डार्विन असे वाचन तो दिवसाला चार-पाच तास करू लागला. ब्रिटिश संसदेतील वादविवादांचे जुने वार्षिक वृत्तांतही त्याने मिळविले. प्रत्येक प्रश्नावर प्रथम स्वतःचे मत टिपावयाचे आणि मगच चर्चा वाचावयाची, अशी त्याची रीत होती. १८९८ साली प्रसिद्ध झालेले त्याचे पहिले पुस्तक याच बंगल्यात लिहिले गेले. १९३० च्या आत्मचरित्रात या दिवसांविषयी त्याने कृतज्ञतेने लिहिले आहे.

ही कथा स्वयंशिक्षणाचा आदर्श म्हणून सांगितली जाते, आणि ते वावगे नाही. पण तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. हा मोकळा वेळ बटलर, मोतद्दार आणि कपडे सांभाळणारा नोकर यांच्या श्रमांतून निर्माण झाला होता. ज्या शहरात तो वाचीत बसला होता त्या शहराशी त्या वाचनाचा काही संबंध नव्हता. खिडकीबाहेरचे कानडी, तमिळ, दखनी बोलणे त्याच्या पुस्तकांत शिरले नाही. पुढे १९३५ च्या भारत सरकार कायद्याला त्याने कडाडून विरोध केला. या देशाविषयीची त्याची समजूत फारशी विस्तारली नव्हती, याचीच ती खूण. तेथील क्लबाच्या जुन्या नोंदवहीत त्याच्या नावावर थकलेले तेरा रुपये आजही पाहावयास मिळतात.

त्याच शतकात उलट दिशेने गेलेल्या आनंदीबाई जोशी यांचा एकांत निराळा होता. १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, पतीवाचून त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. अभ्यासाखेरीज स्वतःचा शाकाहारी स्वयंपाक आणि थंडीचा बंदोबस्त हेही त्यांनाच पाहावे लागे. शिवाय एकट्या स्त्रीने आपला वेळ कसा घालवला याचा हिशेब पतीला आणि दूरच्या समाजाला पत्रांतून द्यावा लागे. त्यांना मिळालेला एकांत मोठा होता, पण मोकळा वेळ थोडाच होता. दोघांची तुलना करताना ही विषमता नजरेआड करता येत नाही.

आजच्या पाहुण्याची अडचण आणखी वेगळी आहे. चर्चिलच्या आईचे पत्र यावयास आठवडे लागत. आज घर खिशातच असते. महादेवपुऱ्यातील खोलीत बसून पुण्यातल्या जेवणाच्या टेबलावरील गप्पा ऐकता येतात, आणि रविवार असा घराच्या पडछायेत निघून जातो. मग परगावी असूनही माणूस परगावी नसतो.

तरीही एखादा सकाळी बाहेर पडतो. मार्च २०२३ मध्ये या भागात मेट्रो सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती शहराच्या मध्याशी सलग जोडली गेली. सिंगय्यनपाळ्याला गाडीत बसले की बेन्निगानहळ्ळी, इंदिरानगर मागे पडते आणि महात्मा गांधी मार्गाशी उजवीकडे जुन्या छावणीचे कवायतीचे मैदान दिसते. पुढे गाडी जमिनीखाली शिरते. केंपेगौडा स्थानकावर मार्ग बदलून मल्लेश्वरमला उतरता येते. तेथील काडु मल्लेश्वराचे देऊळ सतराव्या शतकातले असून त्याचा संबंध शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांच्याशी आहे. १६३८ नंतर बेंगळुरू हे शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे होते. ज्या शहराला पाहुणा पूर्णपणे परके समजत होता, तेथे त्याच्या भाषेची माणसे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी येऊन राहिली होती. त्यांतील काहींचे वंशज घरात आजही कानडी वळणाची मराठी बोलतात.

देवळाच्या पायरीवर तो अर्धा तास बसतो. शेजारी फुले विकणारी बाई त्याला कानडीत काहीतरी विचारते. उत्तर देता येत नाही, म्हणून तो हसतो. ती बोटांनी किंमत सांगते आणि मोगऱ्याचा गजरा त्याच्या हातात देते. गजरा कोणासाठी घ्यावा हे त्याला कळत नाही, तरी तो घेतो आणि तो हातात धरूनच परतीची गाडी पकडतो.