राष्ट्राध्यक्षापासून सुरुवात करू नकोस

मनू, या सेमिस्टरला तू अमेरिकन गव्हर्नमेंट घेतलंस आणि जाडजूड पुस्तक बघून हात टेकलेस, असं तुझी आई सांगत होती. मावशीचं ऐक, ते पुस्तक आठवडाभर मिटून ठेव. आधी मूळ राज्यघटना वाच. १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिलेली ही घटना आपल्या घटनेपुढे अगदीच चिमुकली आहे, जेमतेम सात कलमं. एका दुपारी वाचून होते. सगळ्यात लांबलचक आहे ते पहिलं कलम, आणि ते काँग्रेसचं, म्हणजे इथल्या संसदेचं आहे. कर कोणी लावायचे, पैसा कोणी मंजूर करायचा, युद्ध कोणी पुकारायचं, सगळं तिथे. राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या कलमात येतो, न्यायालय तिसऱ्यात. टीव्हीवर राजकारण शिकलेली मुलं व्हाइट हाउसलाच सरकार समजतात आणि पहिल्याच परीक्षेत आपटतात.

शाळेतलं आपलं नागरिकशास्त्रही जरा बाजूला ठेव. आपल्याकडे लोकसभेतलं बहुमत गेलं की सरकार गडगडतं. इथे अमेरिकेत तसं काही होत नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांचा; काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी हाउसचे ४३५ सदस्य दोन वर्षांचे, सिनेटचे १०० सहा वर्षांचे. मंत्र्याला काँग्रेसचं सदस्य राहताच येत नाही. हा फरक डोक्यात पक्का बसवायचा असेल तर डॉ. आंबेडकरांचं ४ नोव्हेंबर १९४८चं संविधान सभेतलं भाषण काढ. आपला राष्ट्रपती आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष यांच्यात नावापलीकडे काही साम्य नाही, हे त्यांनी त्यात लख्ख मांडलंय. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस तो, ऐकीव माहितीवर बोलत नव्हता.

मग प्रत्येक धड्याला एकच प्रश्न विचारत जा, इथे कोण कोणाला अडवू शकतं? २८ जुलै २०१७च्या रात्रीचं सिनेटमधलं मतदान शोधून बघ, व्हिडिओ सहज मिळतो. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प रिपब्लिकन, हाउस रिपब्लिकनांच्या हातात, सिनेटमध्येही त्यांचे ५२. ओबामांच्या काळातल्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर घाव घालणारं विधेयक मतदानाला आलेलं. मध्यरात्र उलटून गेल्यावर जॉन मॅकेन पुढे आले. याच पक्षाने २००८ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा केलेला हा उमेदवार, मेंदूच्या कर्करोगाचं निदान नुकतंच झालेलं. त्यांनी हात पुढे केला, अंगठा खाली केला आणि ‘नो’ म्हणाले. पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल जवळच हाताची घडी घालून उभे होते. सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या दोघी रिपब्लिकनही विरोधातच होत्या. निकाल ४९ विरुद्ध ५१. आपल्याकडे पक्षादेश मोडला असता तर १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली तिघांच्याही जागा धोक्यात आल्या असत्या. इथे त्यांना कोणी हात लावू शकलं नाही. हे एक मतदान नीट समजलं तर तुझे तीन धडे झाले म्हणून समज.

घटनेत नसलेल्या गोष्टींची वेगळी वही कर. राजकीय पक्ष घटनेत नाहीत. सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायमूर्ती असावेत असं घटना सांगत नाही. सिनेटमध्ये लांबलेली चर्चा थांबवायला एरवी ६० मतं लागतात, तोही सिनेटचा स्वतःचा नियम. घटनेशी विसंगत कायदा रद्द करण्याचा अधिकारसुद्धा न्यायालयाने १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात आपणहून सांगितला. माझ्या मते खरा विषय या वहीत आहे.

राष्ट्राध्यक्ष निवडणारं इलेक्टोरल कॉलेज घोकू नकोस, बेरीज कर. ४३५ अधिक १०० अधिक राजधानीची ३, झाली ५३८. जिंकायला २७०. हाउसमध्ये वायोमिंगचा एकच सदस्य, पण दोन सिनेटर धरून मतं तीन. देशभरात कमी मतं मिळूनही २००० आणि २०१६ साली उमेदवार कसे जिंकले, ते याच हिशेबातून उलगडतं.

घटनादुरुस्त्या २७ आहेत. पहिल्या दहा आणि तेरा, चौदा, पंधरा एवढ्या तोंडपाठ हव्यात. तेरावीने १८६५ साली गुलामगिरी संपवली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती या मुक्तीसाठीच. चौदावीवर मात्र जास्त वेळ घालव. शाळांमधलं वर्णभेदाचं विभाजन १९५४ साली न्यायालयाने अवैध ठरवलं, ते याच दुरुस्तीतल्या समान संरक्षणाच्या आधारावर.

आणि हो, पेपरात आवडत्या पक्षाची वकिली करू नकोस. ती जेवणाच्या टेबलावर कर, तिथे मीही भांडेन.

शनिवारी पहिलं कलम वाचून काढ आणि रविवारी फोन कर. त्यातल्या आठव्या उपकलमावर मी प्रश्न विचारणार आहे.